‘छान झालंय’ म्हणाले आणि गप्प झाले

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या चार मुलांचा बँड आहे, सगळे बावीस-तेवीसचे. दोन वर्षं खपून त्यांनी मराठी रॉकचा पहिला अल्बम केला: अकरा गाणी, चौपन्न मिनिटं. तीन महिन्यांपूर्वी तो सगळ्या ॲप्सवर आला. पहिल्या आठवड्यात मित्रांनी स्टोऱ्या टाकल्या, काका-मावश्यांनी ‘छान झालंय’ म्हटलं, एका जाणकाराने ‘वादन दमदार आहे, पण शब्द कळत नाहीत’ असं लिहिलं आणि मग सामसूम. बास वाजवणारा मुलगा विचारतो, ‘दादा, आमचं चुकलं कुठे? हिंदीत जावं का? की अल्बमच्या भानगडीत न पडता एकेक गाणं सोडत राहावं? गिटारवाला तर म्हणतोय, बास झालं.’

गिटारवाले असं दर तीन महिन्यांनी म्हणतात. बासवाल्याने ते अंगाला लावून घेऊ नये.

मी बावीस वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. त्यातली पहिली चार दुसऱ्यांच्या स्टुडिओत केबल गुंडाळण्यात गेली. पोरांचे पहिले अल्बम पुष्कळ पाहिले. काही माझ्या हातून घडले, काही माझ्या हातून बिघडले. तुला उत्तर द्यायचं म्हणून तुमचा अल्बम तीनदा ऐकला. एकदा स्टुडिओत, नीट बसून. दुसऱ्यांदा मेट्रोत, साधे इयरफोन घालून. वनाझला चढलो, रामवाडी आलं तरी तुमचं आठवं गाणं चालूच होतं. उतरलो, परतीच्या गाडीत बसलो आणि पुणे स्टेशनच्या आसपास कुठेतरी अल्बम संपला. तिसऱ्यांदा घरी, ओट्यावर फोन ठेवून, शेजारी कुकर लावलेला. हे तिसरं ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचे बहुतेक श्रोते तसंच ऐकणार आहेत.

आता ते ‘छान झालंय’. पुण्यात राहून तुम्हाला हे कळायला हवं होतं. या गावात ज्याने खरंच ऐकलं तो तक्रार करतो. सवाईच्या मंडपात बाहेरच्या स्टॉलवर कॉफी पिणारी माणसं बघा. ‘मध्यलय जरा घाईत घेतली’ म्हणणारा दोन तास मांडी घालून बसलेला असतो, आणि ‘अप्रतिम!’ म्हणणारा नुकताच पार्किंग शोधून आत आलेला असतो. तुमच्या अल्बमला आलेल्या सगळ्या प्रतिसादांत एकच माणूस असा निघतो, ज्याने गाणी शेवटपर्यंत ऐकली: शब्द कळत नाहीत म्हणणारा. तुम्ही त्याच्यावर चिडलात. तुझ्या प्रश्नात त्याच्याबद्दल एक खोचक वाक्य होतं, ते मी वर गाळलं आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे. मलाही कळले नाहीत.

पण आधी आकडे, कारण तू त्यांनीच जास्त घाबरला आहेस.

स्पॉटिफायवर अकरा गाण्यांपैकी चार गाण्यांनी हजार ओलांडले, बाकीची तीनशे-चारशेवर घुटमळतायत. २०२४ पासून त्यांचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा वाजलेलं गाणंच रॉयल्टीच्या हिशोबात धरलं जातं. म्हणजे सात गाण्यांचे पैसे सध्या शून्य. पण हजार झाले असते तरी चार जणांचा मिसळीचा खर्च निघाला नसता, तेव्हा त्या दुःखात पडू नका. वाजण्याची संख्या सोडून दुसऱ्या दोन गोष्टी बघा. एक, गाणं किती जणांनी स्वतःच्या यादीत जपून ठेवलं. तुमच्या सहाव्या गाण्याला ऐकणारे कमी आहेत, पण जपून ठेवणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गाण्याच्या दुपटीहून जास्त आहे. दोन, यूट्यूबवर लोक कुठल्या सेकंदाला निघून जातात त्याचा आलेख. तू पाठवलेल्या चित्रात पहिल्या गाण्याची रेघ चाळिसाव्या सेकंदाला कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. चाळिसाव्या सेकंदाला त्या गाण्यात काय होतं? काहीच होत नाही. पावसाचा आवाज, रिव्हर्ब (घुमारा) लावलेली एक गिटार, लांबून येणारी रेल्वेची अनाउन्समेंट. गायक तोंड उघडतो एक मिनिट पन्नास सेकंदांनी. ज्याने तुमचं नावही ऐकलेलं नाही, त्याला तुम्ही जवळजवळ दोन मिनिटं दाराबाहेर पावसात उभं केलंत.

हे गाणं शेवटी असतं तर मला फार आवडलं असतं. शेवटी माणूस थांबतो, त्याला निरोप घ्यायचा असतो.

क्रमाबद्दल एवढंच. लांबीबद्दल थोडं जास्त. १९४८ साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली तेव्हापासून एका बाजूला साधारण बावीस मिनिटं, दोन्ही बाजू मिळून चाळीस-चव्वेचाळीस, ही अल्बमची लांबी ठरत गेली. ती खाचेच्या रुंदीमुळे ठरली, कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नाही. तरी माणसाच्या बसण्याच्या तयारीशी ती बरी जुळली. मग सीडी आली, चौऱ्याहत्तर मिनिटं मिळाली आणि जगभरच्या बँडांनी भरताड गाणी ठेवायला सुरुवात केली. आता तर मर्यादाच नाही. तुमची चार, सात आणि नऊ ही गाणी एकच गाणं आहे. तोच टेम्पो, तीच कॉर्डची फिरत, तोच ‘शहर मला गिळतंय’ हा भाव. त्यातलं सातवं ठेवलं आणि बाकीची दोन काढली की अल्बम त्रेचाळीस मिनिटांवर येतो. दोन वर्षं घासलेलं गाणं काढताना पोटात कालवतं, मला माहीत आहे. पण कुणालाच काही काढायचं नव्हतं म्हणून ती राहिली, असं मला ऐकताना स्पष्ट जाणवलं. तीन गाणी तीन जणांची असणार. बरोबर ना?

आता शब्द. इथे मी वेळ घेणार आहे.

तिसरं गाणं घे. कडव्यात दोन गिटार आहेत, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, दोन्हींवर भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज. त्यावर ड्रमरने हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) अर्धी उघडी ठेवून सलग ठोकली आहे. मधे गायक. कागदावर ही मांडणी बरोबर आहे, हजारो रॉक गाण्यांत हीच असते. गोम अशी की माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात, आणि डिस्टॉर्शनची किरकिर व झांजांचा आवाज नेमका तिथेच येऊन बसतो. मग कानाला स्वर ऐकू येतात, व्यंजनं जातात. ‘आ ए ओ आ’ असं काहीतरी ऐकू येतं. इंग्रजी रॉकमध्ये हे खपतं, कारण ऐकणाऱ्याने ती भाषा तशीही अर्धीच पकडलेली असते. तुमच्या श्रोत्याची आई मराठीत हाक मारते. आपल्या भाषेतला शब्द निसटला की तो ताबडतोब अस्वस्थ होतो. आपल्याकडे गाणं म्हणजे आधी शब्द. भावगीतांवर आणि अभंगांवर वाढलेले कान आहेत हे.

यावर उपाय म्हणजे गायकाचा आवाज वाढवणं नव्हे. तो वाढवला की गिटार बारीक वाटायला लागते आणि रॉकचं भजनी मंडळ होतं. कडव्यात एक गिटार काढा. उरलेलीला त्या पट्ट्यात तीनेक डेसिबलचा खड्डा पाडा. हाय-हॅट बंद ठेवून वाजवा. गायकाच्या आवाजाची पातळी शब्दागणिक वरखाली करा, हाताने, एकेक शब्द. कंटाळवाणं काम आहे, एका गाण्याला तीन तास लागतात. मी हे सगळं शहाणपणाने सांगतोय, पण २००८ साली एका बँडचा पहिला अल्बम मी असाच गिटारखाली पुरला होता. त्यांनी हौसेने सीडी छापल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच्या आजीच्या घरी माळ्यावर गेल्या, आणि तो गायक मला परवापर्यंत लग्नात भेटला की म्हणायचा, ‘शब्द लिहून दिले असते तर बरं झालं असतं.’

मिक्सने सगळं सुटणार नाही, कारण अर्धी चूक गाण्यातच आहे. तुमचा गायक शब्दाचा शेवट ओढतो. इंग्रजी गाणी गाऊन लागलेली सवय. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना जवळजवळ नसतोच; त्यालाच ताणलं की त्याचा ‘आ’ होतो आणि शब्दच बदलतो. दुसऱ्या गाण्यात त्याला ‘वाट’ म्हणायचं आहे, ऐकू येतं ‘वाटा’. पाचव्यात ‘तो दिवस’ आहे, ऐकू येतं ‘तो दिवसा’. मी मेट्रोत विचार करत राहिलो, तो दिवसा काय करतो? पुढची ओळ निघून गेली. ताणायचंच असेल तर ‘वा’ ताण, ‘ट’ वर पाय टेकव आणि सोड. जुने भावगीत गायक हेच करायचे, आणि त्यांच्यापुढे मायक्रोफोन बहुधा एकच असायचा.

उच्चारांचंही तसंच. ‘चंद्र’ मधला च आणि ‘चांदणं’ मधला च वेगळे आहेत. ‘जग’ आणि ‘जगणं’ यांतले ज वेगळे आहेत. तुमचा गायक चारही सारखेच म्हणतो. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, त्यात त्याचा दोष नाही. पण मराठी कानाला ते पायातल्या खड्यासारखं टोचतं आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की आपल्याला काय टोचलं. त्याला एक काम दे. गिटार बाजूला ठेवून अकराही गाण्यांचे शब्द आजीला नुसते वाचून दाखवायचे. आजी जिथे ‘काय रे?’ म्हणेल तिथे पेन्सिलने खूण करायची.

यावरूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला येतो: हिंदीत जावं का? ज्याला हिंदीत स्वप्नं पडतात त्याने जावं. बाजार मोठा आहे म्हणून जाणार असाल तर तिथे तुमच्यापेक्षा चांगलं हिंदी लिहिणारी चारशे मुलं आधीच रांगेत आहेत, आणि तीही ‘आमचं कुणी ऐकत नाही’ असंच म्हणतायत. तुमच्या सहाव्या गाण्यात पीएमटीच्या शेवटच्या बसमध्ये झोपलेल्या कंडक्टरचं जे कडवं आहे, ते हिंदीत लिहून बघ. होत नाही. तेवढं एक कडवं मला तीनदा थांबून ऐकावंसं वाटलं. (पीएमपी होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही पीएमटीच लिहिलंत, त्यासाठी वेगळे गुण.)

सहाव्या गाण्याचं आणखी एक. तुमचा ड्रमर पथकात ताशा वाजवलेला आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, त्या गाण्याच्या मध्यावर तो स्नेअरवर, म्हणजे ड्रमच्या संचातल्या तडतडणाऱ्या ड्रमवर, जे करतो त्यावरून कळलं. रॉकचा ड्रमर तिथे दोन-चार टॉमवरून (स्नेअरहून खोल आवाजाच्या ड्रमवरून) उतरत येतो. हा उतरत नाही. स्नेअरवरच थांबतो, हात बारीक करतो, तडतड वाढवत नेतो आणि समेच्या अर्धी मात्रा आधी सोडतो. ही चाल नदीपात्रात पावसाळ्यात दोन-दोन महिने सराव केल्याशिवाय हातात येत नाही. पुण्यातली निम्मी पोरं ढोल-ताशाच्या पथकात जातात, निम्मी गिटार शिकतात, आणि दोन्ही करणारी दोन्हीकडे ते लपवतात. तुमच्या ड्रमरनेही अख्ख्या अल्बममध्ये तीस सेकंदच ते बाहेर येऊ दिलं. आणि सगळ्यात जास्त जपून ठेवलेलं गाणं कुठलं? सहावं. हा योगायोग असू शकतो, एका गाण्यावरून सिद्धांत मांडायचा नसतो. पण पुढच्या प्रॅक्टिसला त्याला म्हणा, आज सगळी गाणी ताशावाल्यासारखी वाजव, बघू काय होतं. दहातली सात हास्यास्पद होतील. उरलेल्या तिनांत तुमचा बँड असेल.

त्या स्नेअरचा मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हातात, मात्र खून झाला आहे. तुमचा मास्टर उणे सात एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरात) आसपास आहे, म्हणजे चेपून चेपून जोरात केलेला. स्पॉटिफाय आणि यूट्यूब सगळी जोरातली गाणी साधारण उणे चौदावर आणून वाजवतात. तुम्ही कितीही जोरात पाठवा, ते आवाज खाली ओढणारच. मग जोर तर जातोच, वर चेपल्यामुळे मेलेली स्नेअर तशीच उरते. शेजारी कुणाचं तरी मोकळं ठेवलेलं गाणं लागलं की तुमचं कार्डबोर्डच्या खोक्यातून आल्यासारखं वाटतं. उणे दहा-अकराला थांबला असतात तर तीस सेकंदांचा तो ताशा ओट्यावरच्या फोनमधूनही उडाला असता. माझ्या फोनवर तो कुकरच्या दुसऱ्या शिट्टीत वाहून गेला.

आता तिसरा प्रश्न: अल्बम की एकेक गाणं? हा वाद नवा आहे असं तुम्हाला वाटतं. १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणी पुणे केंद्राने गीतरामायण सुरू केलं, दर आठवड्याला एक गाणं, वर्षाहून थोडं जास्त, एकूण छप्पन्न. लोक आठवडाभर पुढच्या गाण्याची वाट बघायचे, आणि शेवटी जे उभं राहिलं ते एकसंध होतं. एकेक सोडल्याने एकसंधपणा मोडत नाही. एकेक गाणं सोडताना पुढचं काय हे माहीत नसेल तर मोडतो. माडगूळकर-फडक्यांना कथा कुठे जाणार हे ठाऊक होतं. तुम्हाला तुमच्या अकरा गाण्यांची गोष्ट ठाऊक आहे का? तुझ्या प्रश्नातून तरी मला ती कळली नाही. पुढच्या वेळी चार गाणी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सोडा, मग उरलेली चार घालून आठांचा अल्बम. आणि अल्बम डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी ॲप्सवर चढवणाऱ्या कंपनीकडे) किमान महिनाभर आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रदर्शित होण्याच्या आधीच सुचवावं लागतं, निदान सात दिवस आधी सुचवलेलं बरं. एकदा गाणं बाहेर आलं की ते दार बंद. तुम्ही दोन दिवस आधी चढवलंत, म्हणजे दार तुम्हीच जवळजवळ ओढून घेतलंत.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, कारण तू विचारलं नाहीस आणि कुणीच विचारत नाही. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, हे तीन वेगळे हक्क आहेत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीवरचा हक्क कायद्याने भक्कम झाला, पण आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद होऊन गाणी नोंदवली नाहीत तर तो हक्क नुसता कायद्यातच राहतो. चौघांनी बसून एका कागदावर प्रत्येक गाण्याची टक्केवारी लिहा आणि सह्या करा. आत्ता, भांडण व्हायच्या आधी. एका गाण्याची चाल नेमकी कुणाची यावरून एक चांगला बँड फुटताना मी माझ्या सोफ्यावर बसून पाहिला आहे. ते गाणं तर कधी चाललंही नाही.

राहिलं मुख्य. तुम्ही अल्बम आधी काढला आणि मग वाजवायला बाहेर पडणार होतात. तुझ्या म्हणण्याप्रमाणे या दोन वर्षांत तुमचे एकूण पाच कार्यक्रम झाले, त्यातले दोन कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि तिथेही निम्मी गाणी दुसऱ्यांची. माझ्या मते सगळं इथे अडलं आहे.

११ फेब्रुवारी १९६३ ला बीटल्सनी लंडनच्या स्टुडिओत सकाळी दहा ते रात्री पावणेअकरा या वेळात पहिल्या अल्बमची दहा गाणी वाजवून काढली. गायक लेननला सर्दी झाली होती, म्हणून घसा फाडायचं गाणं सगळ्यात शेवटी ठेवलं आणि ते एका टेकमध्ये गेलं. लोक हे चमत्कार म्हणून सांगतात. ती गाणी हॅम्बर्ग आणि लिव्हरपूलच्या तळघरांत रात्र-रात्र वाजवून त्यांच्या हाडात गेलेली होती, स्टुडिओत फक्त टेप फिरवायची होती. आर्क्टिक मंकीज हा बँड घ्या. २००६ च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांवर खपला. त्याआधी ते कार्यक्रमांत स्वतः राइट केलेल्या सीडी फुकट वाटत फिरत होते, आणि अल्बम यायच्या आधीच गर्दीला शब्द पाठ होते. आपल्याकडे इंडियन ओशन हा बँड: पहिला अल्बम १९९३ चा, त्यानंतर १९९७ चा थेट कार्यक्रमातला, आणि घराघरांत पोचलेला २००० चा. मधली सात वर्षं ते वाजवत होते.

आणि कुणीतरी तुम्हाला वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडचं उदाहरण देईलच: पहिला अल्बम पडला, पुढे इतिहास झाला. त्या वाटेला जाऊ नका. पडलेले बहुतेक अल्बम पडूनच राहतात, त्यांची उदाहरणं कुणी देत नाही एवढंच.

स्टेजवर काय होतं ते सांगतो. छोट्या जागेत, साठ-सत्तर माणसांत, तुम्हाला श्रोता कुठे सुटला ते त्याच सेकंदाला दिसतं. मी साउंडच्या टेबलामागून वर्षानुवर्षं एकच गोष्ट बघतो: लोक कुठल्या क्षणी वेटरला हात करतात. कडव्याच्या मधे हात वर गेला तर कडवं लांबलं. ध्रुवपद संपायच्या आत गेला तर ध्रुवपद फसलं. एका बँडचा चार मिनिटांचा गिटार सोलो होता, त्यात दर वेळी बिलं मागवली जायची. पाचव्या कार्यक्रमापर्यंत तो सोलो चाळीस सेकंदांचा झाला. कुणी त्यांना लेख लिहून सांगितलं नाही. तुमचं पहिलं गाणं एकदा जरी अनोळखी माणसांसमोर वाजवलं असतंत, तर चाळिसाव्या सेकंदाला काय होतं ते रेकॉर्डिंगच्या आधीच समजलं असतं आणि यूट्यूबच्या आलेखाची गरज पडली नसती.

पुण्यात जागा आहेत. २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव इथे सुरू झाला त्या डिसेंबरच्या थंडीत मी धूळ खात उभा होतो आणि वाटलं होतं, आता हे गाव बदललं. थोडं बदललंही. पण मोठ्या महोत्सवाच्या स्टेजवर पोचायची वाट मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर इथल्या लहान स्टेजवरून आणि कुणाच्या तरी गच्चीवरून जाते. रात्री दहाला स्पीकर बंद होतात, तेव्हा तीन बँडांच्या कार्यक्रमात साडेसातची वेळ मिळाली तर हिरमुसू नका, मागून घ्या. साडेसातला हॉल अर्धा रिकामा असतो, पण आलेला माणूस ऐकायला आलेला असतो. साडेनऊच्या बँडची शेवटची दोन गाणी घड्याळ खातं. अकरा गाणी वाजवू नका. सहा घ्या. सहाव्या गाण्याने सुरुवात करा, ताशाचा तुकडा दुप्पट करा. मधे बोलू नका, विशेषतः ‘हे गाणं आमच्या खूप जवळचं आहे’ असं तर अजिबात नको. पंधरा कार्यक्रम झाले की मला सांगा कुठली तीन गाणी उरली.

तोवर अल्बम काढून टाकायचा का, असं तू शेवटी विचारलं आहेस. नको. राहू दे. फक्त तिसरं गाणं नव्याने मिक्स करू आणि वेगळं म्हणून सोडू. नवा मिक्स म्हणजे नवं रेकॉर्डिंग, त्याला नवा आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागेल आणि मोजणी शून्यापासून सुरू होईल. जुन्याच्या जागी घुसवू नका. प्रत्येक ट्रॅक वेगळा काढून पाठवा, गिटारवर इफेक्ट न लावलेला मूळ आवाज असेल तर तोही. गायकाला आजीच्या खुणांचा कागद घेऊन ये म्हणावं, दोन ओळी तरी पुन्हा गाव्या लागतील, ‘वाटा’ची आणि ‘दिवसा’ची. गुरुवारी दुपारनंतर माझ्याकडे कुणी नसतं. हार्ड डिस्क आणताना घरी एकदा उघडून बघा, मागच्या महिन्यात एक जण विरारहून रिकामी घेऊन आला होता.